फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईचा उठाव नकाशा: उद्यमबागेतलं लेझरकाम कसं आहे?

बेळगावच्या उद्यमबागेत लाकूड आणि ॲक्रिलिक लेझरवर कापून देणाऱ्या कार्यशाळा आहेत. त्यांतल्या एका कार्यशाळेने अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईचा (११ ते १५ डिसेंबर १८६२) एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) उठाव नकाशा, म्हणजे जमिनीचे चढउतार थर रचून दाखवणारा नकाशा, तयार केला आहे. या लढाईत उत्तरेचा सेनापती बर्नसाइड याने नदी ओलांडून टेकड्यांवर बसलेल्या दक्षिणेच्या सेनापती लीच्या सैन्यावर हल्ला केला आणि तो हरला. ऑर्डर दिली की तसाच दुसरा करून मिळतो. इतिहासाचे शिक्षक, एनसीसीचे वर्ग आणि युद्धेतिहासाची अभ्यास मंडळं हे त्याचे गिऱ्हाईक. काम सुबक आहे आणि घेण्याजोगं आहे, पण आहे तसा उचलून टेबलावर मांडला तर ही लढाई चुकीची शिकवली जाईल. कारण नकाशात डोंगर ठळक दिसतात, आणि ज्या बारीकसारीक गोष्टींनी हजारो माणसं मारली त्या दिसतच नाहीत.

आधी मापं. प्रमाण १:१०,०००, म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर नकाशावर १० सेंटिमीटर. लीच्या सैन्याची आघाडी टेलर्स हिलपासून हॅमिल्टन्स क्रॉसिंगपर्यंत सुमारे ७ मैल, म्हणजे ११ किलोमीटरची होती. म्हणून नकाशा ११० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद. लेझरचा बेड ६० बाय ९० सेंटिमीटरचा असल्याने तो ५५ बाय ६० च्या दोन भागांत येतो. उंचीची माहिती अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मोफत आकडेवारीतली आहे. तिच्यावरून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत २०-२० फुटांच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढल्या आहेत. दर २० फुटांना ३ मिलिमीटरचा एक थर, असे दहा-बारा थर.

आता हिशोब करून बघा. २० फूट म्हणजे ६.१ मीटर. १:१०,००० प्रमाणात त्याची उंची जेमतेम ०.६ मिलिमीटर भरायला हवी. इथे ती ३ मिलिमीटर आहे, म्हणजे उंची पाचपट वाढली. एवढ्या लहान प्रमाणात उंची थोडी वाढवावीच लागते, नाहीतर नकाशा सपाट पाट होऊन बसेल. पण पाचपट फार झालं. शहरामागची मरीज हाइट्स ही टेकडी पुढच्या मैदानापासून उणीपुरी ४०-५० फूट उंच आहे. नकाशात ती राजहंसगडासारखी अंगावर येते, आणि बघणारा लगेच म्हणतो, 'एवढा चढ चढायला लावला, मग दुसरं काय होणार!' चढाने तिथे कोणी मेलं नाही. टेकडीच्या पायथ्याशी खोलगट रस्ता होता, त्याच्या कडेला छातीएवढी दगडी भिंत होती, भिंतीआड रांगांवर रांगा लावलेले बंदूकवाले होते आणि वर तोफा होत्या. चढ लागण्याआधीच हल्ला संपत होता.

उंची वाढवल्याने एक गोष्ट मात्र बिघडत नाही, ती म्हणजे दृष्टिरेषा. सगळ्या उंची एकाच पटीत वाढल्या की सरळ रेषा सरळच राहते. त्यामुळे प्रत्यक्षात जिथून जे दिसतं तेच नकाशावरही दिसतं. दोन टाचण्या आणि ताणलेला दोरा घेऊन याचा पुरेपूर उपयोग करता येतो, आणि नदीच्या बाजूला हा नकाशा खरोखर उत्तम आहे.

रॅपहॅनॉक नदी इथे साधारण ४०० फूट रुंद आहे, नकाशावर १२ मिलिमीटर. कार्यशाळेने ती निळ्या ॲक्रिलिकची कापून एमडीएफच्या खाचेत बसवली आहे, आणि फट कुठेही नाही. पुलांच्या तीनही जागा अचूक आहेत: शहराच्या वरच्या अंगाला दोन पूल, खालच्या धक्क्याजवळ एक, आणि शहराच्या खाली मैलभरावर डीप रन ओढ्याच्या तोंडाशी तीन. हे सहाही पूल पितळी पट्टीचे आहेत आणि सुटे निघतात. ही कल्पना फार चांगली, कारण पूल नसलेली नदी आधी दाखवता येते. फ्रेडरिक्सबर्गची निम्मी गोष्ट तिथेच आहे. उत्तरेच्या समनरचे लोक १७ नोव्हेंबरला पलीकडच्या फॅलमथला पोचले, तेव्हा समोर फारसं सैन्य नव्हतं. पुलांच्या होड्या आल्या २५ तारखेच्या सुमारास. तेवढ्या दिवसांत लीने आपला सेनानी लाँगस्ट्रीट याला टेकड्यांवर आणून बसवलं आणि पुढे दुसरा सेनानी जॅक्सन यालाही बोलावून घेतलं. शिकवताना पूल लगेच लावू नका. नकाशासोबत सैन्याचे ठोकळे येतात, उत्तरेचे निळे आणि दक्षिणेचे राखाडी. आधी राखाडी ठोकळे टेकड्यांवर मांडा, मग पूल.

११ डिसेंबरच्या पहाटे धुक्यात पूल बांधायला सुरुवात झाली. लाकडी होड्या प्रत्येकी ३१ फूट लांब. त्या प्रवाहात नांगरायच्या, दोन होड्यांमध्ये तुळया टाकायच्या आणि वर आडव्या फळ्या पसरायच्या. हे काम करणारा माणूस पुलाच्या टोकाशी उघडा उभा असतो. काठावरच्या घरांतून आणि तळघरांतून दक्षिणेच्या बार्क्सडेलच्या मिसिसिपीवाल्यांनी त्यांना टिपायला सुरुवात केली. पलीकडच्या स्टॅफर्ड हाइट्सवर उत्तरेच्या सुमारे दीडशे तोफा होत्या. त्यांनी शहर फोडून काढलं, तरी नेमबाज हलले नाहीत. का, ते दोऱ्याने कळतं. स्टॅफर्ड हाइट्सवरच्या टाचणीपासून शहराच्या काठापर्यंत दोरा ताणा. घरांची छपरं आणि वरच्या भिंती सहज टप्प्यात येतात, पण दोरा तळघरात शिरत नाही. शेवटी मिशिगन आणि मॅसॅच्युसेट्सच्या पलटणींतले स्वयंसेवक त्याच पुलाच्या होड्यांत बसून वल्हवत पार गेले, काठ ताब्यात घेतला आणि मग पूल पुरे झाले. होड्यांतून गोळीबारात नदी ओलांडायची आणि लगेच गल्लीबोळांत लढायचं, हे त्या युद्धात नवीन होतं. नकाशात शहराचे रस्ते कोरलेले आहेत, म्हणून हा भाग छान समजावता येतो.

शहर ओलांडून पश्चिमेला गेलं की नकाशा कमी पडतो. २० फुटांच्या रेषांमध्ये तीन गोष्टी हरवल्या आहेत. पहिली, शहर आणि टेकडी यांच्यामधला पाण्याचा चर. तो ओलांडायला मोजके अरुंद पूल होते. त्यामुळे शहराबाहेर पडलेल्या तुकड्यांना रांगेने पुलावर यावं लागे, पलीकडे पुन्हा आघाडी बांधावी लागे, आणि हे सगळं तोफांच्या डोळ्यांदेखत. दुसरी, भिंतीच्या अलीकडचा जमिनीचा हलका खोलगटपणा. तो इतका उथळ आहे की उभ्या माणसाला जाणवणार नाही, पण आडव्या पडलेल्या माणसाला वाचवतो. १३ तारखेच्या दुपारपासून हजारो लोक तिथे पडून होते, थंडीत रात्र काढली आणि दुसरा दिवसही. तिसरी, ती दगडी भिंत. हे तिन्ही नसतील, तर फ्रेंच, हॅन्कॉक, हॉवर्ड, स्टर्जिस, ग्रिफिन, हम्फ्रीज आणि गेटी या उत्तरेच्या सेनानींच्या सात डिव्हिजन (काही हजार सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) एकापाठोपाठ एक पाठवल्या आणि एकही भिंतीला का शिवली नाही, हे नकाशावरून सांगता येत नाही.

चर स्वतः कोरता येतो. व्ही आकाराच्या पात्याने १ मिलिमीटर खोल खाच पाडा आणि बारीक ब्रशने निळा इनॅमल भरा. पाण्यात विरघळणारा रंग वापरला तर कापलेल्या जागी एमडीएफ फुगतो. भिंतीसाठी काळा जाड दोरा सुपरग्लूने चिकटवा. चार फुटांची भिंत नकाशाच्या उभ्या प्रमाणात ०.६ मिलिमीटर येते, म्हणजे साध्या गोधडीच्या दोऱ्याएवढीच. पण खोलगटपणा या थरांत बसणारच नाही. त्यासाठी मरीज हाइट्सच्या पुढच्या एक चौरस किलोमीटरचा वेगळा तुकडा १:२५०० प्रमाणात करून मागा: ४० बाय ४० सेंटिमीटर, ५-५ फुटांच्या रेषा, १ मिलिमीटरचा ग्रे बोर्ड (राखाडी पुठ्ठा). त्यात उंची दीडपटीपेक्षा थोडीच जास्त वाढते, आणि चढ किती साधा होता ते पहिल्या नजरेत कळतं. अडचण एकच. आजची आकडेवारी आजच्या जमिनीची आहे आणि त्या मैदानावर आता वस्ती आहे. म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरचे त्या काळचे नकाशे उतरवून घ्या आणि चर व रस्ते त्यांच्यावरून पक्के करा.

डावीकडचा, म्हणजे नदीच्या खालच्या बाजूचा भाग चांगला उतरला आहे, आणि शिकवणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवावा असं माझं स्पष्ट मत आहे. रेल्वेमार्ग कोरलेला आहे. तो प्रॉस्पेक्ट हिलच्या पायथ्याने हॅमिल्टन्स क्रॉसिंगला जातो. ही टेकडी फक्त ६५ फुटांची. जॅक्सनच्या आघाडीत तिथे एका दलदलीच्या रानामुळे सुमारे ६०० यार्डांची फट राहिली होती, नकाशावर साडेपाच सेंटिमीटर. उत्तरेच्या मीडची डिव्हिजन रेल्वे ओलांडून त्या फटीतून आत घुसली आणि दक्षिणेच्या ग्रेगच्या ब्रिगेडवर (डिव्हिजनपेक्षा लहान तुकडीवर) जाऊन आदळली. ग्रेगला तिथेच प्राणांतिक जखम झाली. गिबनच्या डिव्हिजनने मीडला उजवीकडून साथ दिली, पण मागून आणखी कुमक आली नाही. या बाजूचा उत्तरेचा सेनानी फ्रँकलिन याच्याकडे माणसं भरपूर होती. बर्नसाइडचा हुकूम मात्र इतका मोघम होता की किमान एक डिव्हिजन पाठवली की तो पाळला असं म्हणता येत होतं. ही फट नकाशात निव्वळ हिरव्या ठिपक्यांनी दाखवली आहे. तिथे गडद शाईने एक रेघ मारून ठेवा, नाहीतर कोणाचं लक्ष जाणार नाही. लढाई दगडी भिंतीपाशी हरली असं सगळे सांगतात. जिंकता आली असती ती इथे.

ठोकळ्यांची मोठी चूक आहे. डब्यात २० निळे आणि २० राखाडी ठोकळे येतात, सगळे एकाच मापाचे. बर्नसाइडकडे सहा कोअर (डिव्हिजनांचे गट) होत्या, प्रत्येकीत तीन डिव्हिजन, म्हणजे १८. लीकडे पायदळाच्या ९: लाँगस्ट्रीटकडे अँडरसन, मॅक्लॉज, पिकेट, हूड आणि रॅन्सम, जॅक्सनकडे ए. पी. हिल, अर्ली, डी. एच. हिल आणि टॅलिआफेरो. एकूण सैन्य सुमारे १ लाख २० हजार विरुद्ध ७८ हजार. म्हणजे दक्षिणेची डिव्हिजन सरासरीने मोठी, ८,७०० च्या आसपास, आणि उत्तरेची ६,७०० च्या. म्हणून १८ निळे आणि ९ राखाडीच वापरा, राखाडी थोडे लांब कापून घ्या. मांडताना लाँगस्ट्रीटच्या पाच डिव्हिजन पाच मैलांवर पसरतात आणि जॅक्सनच्या चार दोनेक मैलांत एकामागे एक येतात. मीड आत घुसूनही बाहेर का फेकला गेला, ते या खोलीवरून कळतं. उत्तरेचे सुमारे १२,६०० आणि दक्षिणेचे सुमारे ५,३०० लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. हे आकडे ठोकळ्यांवर लिहू नका, वेगळा तक्ता लावा.

आता बांधणी. थर जुळवण्यासाठी प्रत्येक थरात ३ मिलिमीटरची दोन भोकं आहेत आणि त्यांत लाकडी खुंट्या बसतात. खालच्या थरावर वरच्या थराची बाह्यरेषा हलकी कोरलेली आहे. त्यामुळे सुटी टेकाडं चुकीच्या जागी लागत नाहीत. कापण्याआधी शीटवर मास्किंग टेप लावला होता हे उघड दिसतं, कारण पृष्ठभागावर धुराचे डाग नाहीत. काळ्या झालेल्या कडा तशाच ठेवल्या आहेत. त्या छान दिसतात, पण हाताला काजळी लागते. ० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा.

खरा धोका आपल्या पावसाळ्याचा. बेळगावात, आणि खानापूरकडे तर विचारूच नका, जून ते सप्टेंबर एमडीएफ हवेतलं पाणी पितो आणि कडा फुगतात. नकाशाला वरून सीलर मारलेला आहे, खालून नाही. एकाच बाजूने बंद केलेली शीट हमखास वाकते. घेताना दोन्ही बाजूंना आणि सगळ्या कडांना सीलरचे दोन हात मागा, आणि खाली १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय. थर फेविकॉलने चिकटवलेले आहेत, ते ठीक, पण फेविकॉल पातळ थरात लावून रात्रभर वजन ठेवावं लागतं. एका कोपऱ्यात ते झालेलं नाही. नखाने दाबलं की थर हलतो.

दोन भागांचा सांधा डीप रनवर, म्हणजे नेमका खालच्या पुलांच्या जागी पडला आहे. सांधा दोन सेंटिमीटर सरकवला असता तर पूल वाचले असते. नवीन ऑर्डर देणाऱ्याने हे आधीच सांगावं.

नावं मराठीत कोरून मिळतात, पण तिथे लक्ष द्या. कोरलड्रॉ या आरेखनाच्या प्रणालीतून लेझरसाठीची डीएक्सएफ फाइल करताना मजकूर कर्व्हमध्ये (अक्षरांच्या बाह्यरेषांत) बदलला नाही, तर दुसऱ्या संगणकावर फाँट बदलतो आणि जोडाक्षरं फुटतात. 'प्रॉस्पेक्ट'चा काना एकीकडे आणि पाय मोडलेला क एकीकडे. 'फ्रेडरिक्सबर्ग'चा रफारही असाच सरकतो. मजकूर युनिकोडमध्ये द्या, पीडीएफ सोबत द्या, आणि शीट कापायला घेण्याआधी टाकाऊ तुकड्यावर नावांची एक ओळ कोरून दाखवायला सांगा.

किंमत लेझर किती मिनिटं चालतो त्यावर आणि शीटवर ठरते. रस्ते आणि नावं कोरायला कापण्यापेक्षा जास्त वेळ जातो. पैसे वाचवायचे असतील तर रानाचे ठिपके काढून टाका आणि ते हिरव्या पेनाने मारा. चर मात्र त्यांच्याकडूनच कोरून घ्या. ताब्यात घेताना दोन्ही भाग सपाट फरशीवर ठेवा, चारही कोपरे दाबून बघा, सहा पूल मोजा. आडवा ठेवायचा असेल तर वर वजन नको. उभा ठेवलात तर भिंतीला न टेकवता चौकटीत ठेवा.