चार रॅम, एक यूपीएस आणि गुरुवार: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी बिल्डर लोकांसाठी इमारतींचे थ्रीडी रेंडर आणि वॉकथ्रू करतो. गेल्या धनत्रयोदशीला जुनं मशीन काढून नवीन असेंबल करून घेतलं. रायझन ७००० मालिकेतला १६ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबीचं ग्राफिक कार्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम, ८५० वॅटचा पॉवर सप्लाय. सगळं मिळून साडेतीन लाखांच्या जरा खाली. घरच्यांना सांगितलेला आकडा वेगळा आहे, तो इथे नको.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. जुन्या मशीनवर एका फ्रेमला अकरा मिनिटं लागायची, ती आता दीड मिनिटात होते. पहिले पाच आठवडे मी खूश होतो.

डिसेंबरात एका टाउनशिपचं काम आलं. झाडंच इतकी होती की ६४ जीबी पुरेना. दुकानात जाऊन त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा ३२-३२ चा दुसरा सेट आणला आणि उरलेल्या दोन स्लॉटमध्ये बसवला. चालू करताना पाच-सहा मिनिटं स्क्रीन काळीच राहिली, तेव्हा पोटात गोळा आला होता. पण डीडीआर५ पहिल्यांदा बसवली की मदरबोर्ड तिचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो, त्याला वेळ लागतो. मग १२८ जीबी दिसली, बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करून ६००० च्या वेगावर लावली आणि कामाला लागलो.

त्याच आठवड्यात ग्राफिक कार्डचा ड्रायव्हरही अपडेट केला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सव्वा महिना मी त्या ड्रायव्हरच्या मागे लागून वाया घालवला.

क्रॅश विचित्र होते. रात्रभर रेंडर चालायचा आणि सकाळी नुसता ब्राउझर उघडला की निळी स्क्रीन. तिच्यावरचा कोड कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कधी तिसरंच काहीतरी. शिवाय अधूनमधून निळी स्क्रीनही नाही, मशीन थेट बंद होऊन परत चालू. मी ड्रायव्हर पुसून जुना टाकला. विंडोज दोनदा नव्याने टाकलं. प्रोसेसरची पेस्ट बदलली, कारण रेंडर करताना तो ९५ डिग्रीला जायचा. (या मालिकेचा प्रोसेसर ९५ पर्यंत जायलाच बनवलाय, हे नंतर वाचलं.) शेवटी सोळा हजारांचा १००० वॅटचा पॉवर सप्लाय आणला. निळ्या स्क्रीनला काडीचा फरक पडला नाही.

खरं तर उत्तर समोरच होतं. ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुतेक वेळा तोच कोड आणि त्याच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा दिसतं. दर वेळी कोड वेगळा येत असेल तर आधी रॅमवर संशय घ्यायचा. मी घेतला नाही, कारण रॅम नवी होती आणि डीडीआर५ मध्ये एरर करेक्शन असतं असं कुठेतरी वाचलं होतं. असतं, पण रॅमच्या चिपच्या आतल्या आत. चिप ते प्रोसेसर या वाटेवर डेटा बिघडला तर त्याचा उपयोग नाही.

जानेवारीत पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाकून रात्री लावला. सकाळी उठलो तेव्हा दुसरी फेरी चालू होती आणि शून्य चुका. दात घासून आलो तर लाल पट्टी, ४ चुका. चहा होईपर्यंत ११.

मग रॅमची एकेक स्टिक वेगळी काढून तपासली. चारही पास. पहिली जोडी पास, दुसरी जोडी पास. दुकानात घेऊन गेलो, त्यांनीही त्यांच्या मशीनवर लावून बघितली. "सर, रॅम ओके आहे, बदलून काय देऊ?" मला राग आला, पण तो माणूस बरोबर होता.

गोष्ट अशी आहे. मेमरीचे चॅनेल दोनच असतात आणि चार स्लॉट म्हणजे एका चॅनेलवर दोन स्टिक. डीडीआर५ च्या वेगाला त्यामुळे सिग्नल खराब होतो आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. माझ्या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. ६००० हा आकडा रॅमच्या खोक्यावरचा, आणि तोही त्या एका खोक्यातल्या जोडीपुरता. दोन खोकी एकत्र केली तर तो वेग मिळेल असं कुणीच म्हटलं नव्हतं. मीच धरून चाललो होतो.

३६०० वर आणून चार फेऱ्या चालवल्या, एकही चूक नाही. माझं रेंडर मुख्यतः ग्राफिक कार्डवर होतं, त्यामुळे वेळेत फरक जाणवलाच नाही. निळी स्क्रीन त्या दिवशी थांबली ती आजतागायत आलेली नाही. फेब्रुवारीत चारही स्टिक काढून ४८-४८ ची एक जोडी घेतली. ९६ जीबी मला पुरते, आणि ती ६००० वर चालते. माहितीपत्रकाच्या हिशेबाने हेही ओव्हरक्लॉकच, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग, म्हणून पूर्ण टेस्ट करूनच कामाला घेतली.

पण मशीन अचानक बंद व्हायचं ते चालूच होतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी कर्नेल-पॉवर ४१. लोक हा आकडा बघून पॉवर सप्लाय बदलतात, मीही तेच केलं होतं. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. त्या नोंदीत बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा कोड) शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही, इतकंच कळतं.

मग सगळ्या नोंदींच्या तारखा वहीत उतरवल्या. नऊपैकी सहा गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जाते ती गुरुवारी, पुणेकरांना पुढचं सांगायला नकोच. गुरुवारी सकाळी मी साइटवर असतो, दुपारी येतो तेव्हा लाईट असते, मशीन आपोआप चालू झालेलं असतं आणि रेंडर अर्धवट. एका गुरुवारी आल्यावर ओव्हनचं घड्याळ बघितलं, १२:०० वर लुकलुकत होतं. आईला विचारलं. "गेली होती की रे दोनदा, पाच-पाच मिनिटं. तुझ्या त्या डब्याला बॅटरी आहे ना?"

बॅटरी होती. जुन्या मशीनसाठी घेतलेला १००० व्हीएचा यूपीएस होता तो. १००० व्हीए म्हणजे १००० वॅट अशी माझी समजूत. मागचं स्टिकर बघितलं तर ६०० वॅट. रेंडर चालू असताना भिंतीवर मोजलं, मॉनिटर धरून ६४०. त्यात बॅटरीवर गेल्यावर स्वस्त यूपीएस खरी साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची देतो, आणि हल्लीच्या पॉवर सप्लायचं त्याच्याशी बऱ्याचदा जमत नाही. लाईट गेली की यूपीएस एकदा 'टीं' करून मान टाकायचा. आता १५०० व्हीए, ९०० वॅटचा प्युअर साइन वेव्हवाला घेतलाय.

याच भरात वायरमन काकांना बोलावलं, कारण कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. आमची इमारत सदाशिव पेठेतली, जुनी. काकांनी कॅबिनेट आणि न्यूट्रलमध्ये मीटर लावला, १०८ व्होल्ट. मग बोर्ड उघडला, हिरवी वायर धरून बघितली आणि म्हणाले, "अर्थिंगची वायर आहे हो, पण ती भिंतीत जाऊन संपते." मीटरपासून नवीन वायर ओढली, सोसायटीच्या मागे लागून खालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरून घेतला. अर्थिंगमुळे क्रॅश थांबले असं मी म्हणणार नाही. झिणझिण्या थांबल्या. पण पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर येणाऱ्या त्या करंटला आधी जायला जागाच नव्हती, आणि सर्ज प्रोटेक्टरही अर्थिंगशिवाय नावापुरताच होता.

मार्चपासून आज जुलैपर्यंत एकही क्रॅश नाही. एप्रिलच्या उन्हात दुपारी रेंडर लावला की खोलीची भट्टी होते आणि पंखे जोरात ओरडतात, ती तक्रार आहे. धूळ दर महिन्याला काढावी लागते. १००० वॅटचा पॉवर सप्लाय आतच ठेवलाय, ८५० चा काढलेला खोक्यात पडून आहे. जुन्या चार स्टिकपैकी दोन भावाच्या मशीनमध्ये गेल्या, दोन विकल्या.

जुना यूपीएस वायफायच्या राउटरला लावलाय. गुरुवारी लाईट गेली तरी आईची मालिका मोबाईलवर चालू राहते.