शब्दकोडं: पेपरातलं की मोबाइलवरचं?

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही, तेव्हा कोड्याला वेळच वेळ. पण कुठलं घ्यावं?

पेपरातल्या कोड्यात अख्खा चौकट एकदम दिसतो. ‘घोडा, २ अक्षरे’ म्हटलं की वारू, हय, अश्व असे तिन्ही शब्द बसतात. अशा वेळी समासात तिन्ही लिहून ठेवावेत आणि आडवा शब्द सुटेपर्यंत थांबावं. ‘सोलापूरचे ग्रामदैवत, ४ अक्षरे’ म्हणजे सिद्धेश्वर, हे सुटलं आणि त्यातला ‘श्व’ घोड्याच्या दुसऱ्या घरात आला, की अश्व पक्का. पेन्सिल २बी, म्हणजे मऊ शिशाची घ्यावी, हलक्या हाताने. कडक पेन्सिलीचं खोडताना पेपरचा कागद भुसभुशीत होतो, मग फाटतो. घामेजल्या तळहाताने अक्षरं पुसटतात ती वेगळीच. शिवाय उत्तर उद्याच्या अंकात. तो घरी आला तर!

मोबाइलवर खाडाखोड नाही, चूक लगेच लाल होते. (ही सोय की खोडी, हा वाद आहेच.) खरी गोची जोडाक्षरांची. कागदावर ‘सि-द्धे-श्व-र’ चार घरांत बसतो, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, मात्र त्याची १० चिन्हं होतात. अ‍ॅप नीट बनवलेलं नसेल तर ‘द’ टाकताच कर्सर पुढच्या घरात उडी मारतो आणि ‘द्धे’ची वाट लागते. म्हणून अ‍ॅप घेतल्यावर आधी ‘द्धे’ एका घरात बसतो का पाहावं. नाही बसला तर सरळ काढून टाकावं.

रात्री दिवे गेले तर मोबाइल, एरवी पेपरच.