तपकीर गल्लीजवळचं थ्रीडी प्रिंटचं दुकान: पाचात चार

आमच्या हौशी नाट्यसंघाची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, गेली अकरा वर्षं मी सांभाळते. यंदा नाटक चापेकर बंधूंवरचं. २२ जून १८९७, गणेशखिंडीचा रस्ता, रँडची बग्गी. पिस्तुलाशिवाय भागणारच नाही. आमचं जुनं लाकडी पिस्तूल तिसऱ्या रांगेतूनसुद्धा लाटण्यासारखं दिसतं. म्हणून भाच्याने नेटवरून फाइल काढून दिली आणि मी पेनड्राइव्ह घेऊन या दुकानात गेले.

दुकान कसलं, जिन्याखालची खोली. चार मशीन कुरकुरत चाललेली. मुलाने फाइल स्क्रीनवर उलटीसुलटी फिरवून पाहिली आणि म्हणाला, "काकू, हे असं नाही करून देणार मी." नळी आरपार पोकळ होती, चाप हलता होता. "नाटकात नळी आरपार कशाला हवी?" वर संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आणि माझं आधार मागितलं. मी चिडलेच. एका हातात मेथीची जुडी, आणि हा माझ्याकडे अशा नजरेने बघतोय!

मग त्याने स्टूल पुढे केलं. २०१३ साली अमेरिकेत कोडी विल्सन नावाच्या माणसाने 'लिबरेटर' हे प्लास्टिकचं पिस्तूल प्रिंट करून उडवून दाखवलं आणि फाइल नेटवर टाकली. सरकारने ती काढायला लावली, पण तोवर दोन दिवसांत लाखभर डाउनलोड झाले होते. पुढच्याच वर्षी जपानमध्ये घरी अशी पिस्तुलं केली म्हणून एकाला दोन वर्षं आत टाकलं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. विनापरवाना बंदूक बनवली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. खोटी बंदूक खरी करायची तरी परवाना लागतो, हे मला त्या स्टुलावर बसून कळलं. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पत्र नेऊन दिलं.

त्याने फाइल नव्याने केली. नळी भरीव, तोंडाशी नुसता खळगा, चाप जागच्या जागी पक्का. आमचे दामोदरपंत "चाप ओढल्याचं फील येत नाही" म्हणून कुरकुरले. बार तसाही विंगेतूनच काढायचा आहे!

वजन १४२ ग्रॅम, ग्रॅमला नऊ रुपये. थरांच्या रेघा दिसतात. लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपर मारून काळा रंग दिला की प्रकाशात झकास. दोन दिवस उशीर केला, तो सोडून देते. एक स्टार कापला तो वेगळ्या कारणासाठी. हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे त्याने सांगायलाच हवं होतं. रंगीत तालमीच्या दुपारी पिस्तूल स्कूटरच्या डिकीत राहिलं आणि नळी गवारीच्या शेंगेसारखी वाकली.

दुसरं अर्ध्या पैशांत करून दिलं. पत्र मात्र पुन्हा मागितलं.