थ्रेडना नावं देऊन आठ महिने झाले, पण पंधरा अक्षरांनी जीव घेतला

मार्चमध्ये रात्री सव्वादोनला आमच्या बिलिंग सर्व्हरचा एक कोअर (प्रोसेसरचा एक भाग) १०० टक्क्यांवर जाऊन बसला. जावा १७, लिनक्स. कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणाऱ्या 'टॉप' या कमांडला मोठ्या एचचा पर्याय देऊन थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामांचे धागे) उघडले, तर 'पूल-७-थ्रेड-१' एकदा नाही, अकरा वेळा! लिनक्स थ्रेडच्या नावाला १६ बाइट देतं, त्यातला शेवटचा नाव संपल्याची खूण असलेल्या शून्यासाठी. म्हणजे इंग्रजी पंधरा अक्षरं. 'पूल-७-थ्रेड-१' बरोबर पंधरांत बसतं, त्यामुळे थ्रेड-१० ते थ्रेड-१९ या सगळ्यांचा शेवटचा आकडा छाटला जातो आणि तेही 'थ्रेड-१'च दिसतात. कोण तापलंय ते कळणार कसं?

शेवटी क्रमांकावरून शोधलं. टॉपमध्ये २४८१७ दिसत होता. जावाचे थ्रेड काय करताहेत ते छापणाऱ्या जेस्टॅक या टूलमध्ये तोच 'एनआयडी'पुढे (म्हणजे थ्रेडच्या लिनक्समधल्या क्रमांकापुढे) जावा १७मध्ये सोळाच्या पायात असतो: ६०एफ१. दहा सेकंदांच्या अंतराने जेस्टॅकचे दोन डंप (त्या क्षणाच्या नोंदी) घेतले, दोन्हींत हा थ्रेड रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे मजकूर जुळवून पाहणाऱ्या पॅटर्नच्या आतच फिरत होता. एका ग्राहकाचा लांबलचक पत्ता तपासताना पॅटर्न मागेपुढे करत अडकला होता.

दुसऱ्याच दिवशी नवीन थ्रेडना आपली नावं देणारी थ्रेडफॅक्टरी लिहिली, जेमतेम दहा ओळी. दर सर्व्हरमागे महिन्याला भाडं घेणारं मॉनिटरिंग टूल घ्यायचा आग्रह होता, तो मी मोडून काढला. फुकटात होणाऱ्या कामाला पैसे का मोजायचे?

पहिले दोन महिने मात्र वैतागात गेले. 'इन्व्हॉइस-कॅल्क्युलेटर-३' असं ऐटदार नाव दिलं आणि टॉपमध्ये पुन्हा आकडा गायब. तेव्हा वाटलं, या नावांचा काही उपयोग नाही. ते मत मी मागे घेतो. जेस्टॅकमध्ये आणि लॉगमध्ये नाव पूर्ण येतं, चूक माझ्या क्रमाची होती. आता आकडा आधी, काम नंतर: '३-इन्व्हॉइस'. जूनमध्ये पुन्हा कोअर तापला तेव्हा चार मिनिटांत थ्रेड हातात होता. मार्चमध्ये याच कामाला पावणेदोन तास गेले होते.

एक सांभाळा: थ्रेड संपला की त्याचा क्रमांक लिनक्स पुढे दुसऱ्याला देऊ शकतं. टॉप आणि जेस्टॅक लागोपाठ घ्या, चहा नंतर.

सध्या जावा २१ची चाचणी चालू आहे. तिथले व्हर्च्युअल थ्रेड (जावा स्वतः सांभाळते ते हलके थ्रेड) आपण नाव दिलं नाही तर बिननावाचेच राहतात. पहिल्याच दिवशी लॉगमध्ये नावाच्या जागी रिकामे कंस दिसले. काल बसून तिथेही नावं घातली, आकडा आधी ठेवूनच.