लिव्हरची पॉइंट टू-टू रायफल: नळीतून भरणारी की सुट्या मॅगझिनची?

सोलापुरात परवाना हाती आल्यावर लिव्हरची, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी खाली-वर करून पुढचे काडतूस चढवणारी, .२२ (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल घ्यायची असे ठरवणाऱ्याने ती किती भरभर भरता येते हे आधी पाहू नये. नान्नजच्या माळरानावर माळढोकाचे अभयारण्य आहे, शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे; त्यामुळे ही रायफल आपल्याकडे केवळ निशाण्याच्या सरावासाठीच उरते. सरावात घाई नसते. ती पूर्ण रिकामी झाली आहे याची खात्री किती सहज पटते, यावर माझ्या मते निवड व्हावी.

सर्वाधिक आढळणारी पद्धत नळीच्या मॅगझिनची; मॅगझिन म्हणजे काडतुसे साठवण्याची जागा. मार्लिन ३९ए, विंचेस्टर ९४२२, ब्राउनिंग बीएल-२२ आणि हेन्रीची साधी .२२ या साऱ्या तशाच आहेत. बॅरलखाली दुसरी बारीक नळी असते. तिच्या टोकाची खाचदार मूठ फिरवून आतली दांडी वर ओढली की काडतुसाच्याच आकाराचे एक छिद्र उघडते. त्यातून एकेक काडतूस, बूड खाली ठेवून, आत सोडायचे आणि दांडी पुन्हा खाली दाबून अडकवायची. हेन्रीत ‘लाँग रायफल’ या लांब .२२ प्रकाराची १५ आणि ‘शॉर्ट’ या आखूड प्रकाराची २१ काडतुसे मावतात, तर मार्लिनमध्ये लाँग रायफलची १९. एकाच रायफलीत दोन्ही लांबीची काडतुसे चालणे ही या पद्धतीची खरी श्रीमंती आहे. मात्र भरताना हात बॅरलच्या तोंडाजवळ जातो, म्हणून चेंबर (बॅरलच्या मागच्या टोकाची, काडतूस उडते ती जागा) रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दांडीला हात लावू नये.

रिकामी करताना अधिक जपावे लागते. दांडी काढून नळीतली काडतुसे ओतली, तरी एखादे आतल्या उचलपट्टीवर (काडतूस चेंबरपर्यंत उचलणाऱ्या भागावर) आणि दुसरे चेंबरमध्ये राहू शकते. त्यासाठी लिव्हर अनेकदा पूर्ण चालवून, शेवटी आत डोकावून पाहावे लागते. शिवाय .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते मऊ पडते, त्यावर धूळ बसते आणि नळी वरचेवर पुसावी लागते.

बाजूच्या झडपेतून भरण्याची पद्धत मोठ्या बोअरच्या (बॅरलच्या आतल्या व्यासाच्या) लिव्हर रायफलींत रूढ आहे; .२२ मध्ये ती टिकली नाही. मार्लिनच्या १८९१ मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अशी झडप होती, पण पुढच्या आवृत्तीत नळीच आली. इतके लहान काडतूस अंगठ्याने स्प्रिंगविरुद्ध ढकलणे कष्टाचेच. जुन्या मालात अशी रायफल दिसली तर ती संग्रहासाठी घ्यावी.

तिसरी पद्धत सुट्या मॅगझिनची. रुगरच्या ९६/२२ मध्ये १० काडतुसांचे फिरकीचे मॅगझिन खालून बसते. ही रायफल १९९६ ते २००९ या काळात बनली. मॅगझिन टेबलावर बसून भरता येते, हात बॅरलपुढे जात नाही आणि ते काढून घेतले की चेंबरमधले एकच काडतूस उरते. लिव्हर उघडून ते काढले की रायफल रिकामी. घरी लहान मुले असतील तर मी हीच पद्धत सुचवीन. तिची उणीव अशी की मॅगझिन हरवले किंवा बिघडले तर बदली मिळणे कठीण, आणि शॉर्ट काडतुसे त्यात चालत नाहीत.

सर्वसामान्य परवानाधारकासाठी परदेशी रायफलींची आयात १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद असल्याने निवड बहुधा परवानाधारक विक्रेत्याकडील जुन्या रायफलींतूनच करावी लागते. परवाना शहर हद्दीत पोलीस आयुक्तालयाकडून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो; त्यावरचा बोअर आणि काडतुसांची मर्यादा आधी नीट वाचावी. नळीची रायफल पाहायला गेल्यास बाहेरच्या नळीवरून बोट फिरवावे: तिचा पत्रा पातळ असतो आणि लहानसा पोचाही काडतुसे अडवतो. नंतर विक्रेत्याकडून डमी (दारू नसलेली, नकली) काडतुसे घेऊन ती तिथेच पूर्ण भरून, लिव्हरने एकेक बाहेर काढून पाहावीत, आणि आत घातली तितकीच बाहेर आली का हे मोजावे.