खानापूरजवळचे घरबांधणी प्रशिक्षण: एक अनुभव

खानापूरजवळच्या या शिबिरात तांबड्या मातीत शेकडा ५ ते ८ भाग सिमेंट मिसळून हाताच्या दाबयंत्रावर विटा पाडायला शिकवले. मुठीत वळलेला ओलसर गोळा छातीच्या उंचीवरून टाकल्यावर चार-पाच तुकड्यांत फुटला तर पाणी बेताचे, आणि नुसताच चपटा झाला तर जास्त, ही गवंडीमामांची परीक्षा मी कधीच विसरणार नाही. भट्टी नसल्याने सरपण वाचते, मात्र विटा तीन-चार आठवडे ओल्या ठेवाव्या लागतात. घराच्या सांगाड्याच्या एकाच मापाच्या चौकटी जोडून पुढे खोली वाढवण्याचे कामही प्रत्यक्ष करायला मिळाले. आमच्याकडच्या मुसळधार पावसात मातीची भिंत टिकवायला उंच जोते आणि रुंद वळचण हवीच. तो विषय आयोजकांनी घाईत उरकला, याची खंत वाटते. सगळे मराठीतून समजावल्यामुळे आईलाही माझ्याबरोबर शिकता आले.