जुनी बालरहस्यकथा मालिकेत आणताना: मूळ काळ, जवळचा भूतकाळ की आजचे दिवस?

विदर्भातल्या एखाद्या गावात जुन्या बालरहस्यकथेवरून मालिका चित्रित करायची झाली, तर कथा कोणत्या काळात घडवायची हे पटकथेची पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरवावे लागते. वेशभूषा, वाहने आणि खर्च हे सगळे त्या उत्तरावर अवलंबून असते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोडे कसे गुंफायचे आणि मुलांनी ते कसे सोडवायचे, हेही त्यावरच ठरते.

इंग्लंडमध्ये एकाच पुस्तकमालेचे तीन वेगळ्या प्रकारे प्रयोग झाले आहेत. एनिड ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’चे पहिले पुस्तक १९४२ साली आले आणि १९६३ पर्यंत एकवीस पुस्तके झाली. १९७८च्या मालिकेने कथा आपल्याच वर्तमानात आणली, त्यामुळे मुलांच्या अंगावर सत्तरच्या दशकातले कपडे आले. १९९५ साली सुरू झालेल्या मालिकेने पन्नासचे दशक काळजीपूर्वक उभे केले. २०२३च्या आवृत्तीने जुना काळच घेतला, पण पात्रयोजना आणि साहसाची कल्पना मोकळेपणाने आजची ठेवली. अमेरिकेतले ‘हार्डी बॉईज’ १९२७ सालचे. त्यांच्यावरच्या २०२० सालच्या मालिकेने ना मूळ काळ घेतला ना आजचा, तर ऐंशीचे दशक निवडले. विदर्भासाठी हा शेवटचा मार्ग मला सर्वांत उपयोगी वाटतो.

मराठीतले उदाहरण भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी साकारलेला फेणे शाळकरी पोरच होता. २०१७च्या चित्रपटात अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या गैरव्यवहाराच्या मागे लागतो. चित्रपट आपल्या जागी नेटका आहे, परंतु वर्तमानात येताच नायक मोठा झाला, गुन्हा मोठा झाला आणि प्रेक्षकही मोठा झाला. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. आजच्या बारा वर्षांच्या मुलाला घरचे एकटे कुठवर जाऊ देतील, या प्रश्नाचे उत्तर पटकथाकाराला सापडत नाही, तेव्हा मुलाचे वय वाढवणे हाच सोपा मार्ग उरतो.

जुन्या रहस्यकथेची गाठ बहुतेक वेळा उशिरावर बसलेली असते. तार पोहोचायला वेळ लागतो, ट्रंक कॉल लावून पोस्टात ताटकळावे लागते, शेवटची एसटी निघून गेलेली असते, आणि त्या मधल्या वेळात मुले स्वतःच निर्णय घेतात. हातात मोबाइल आला की चौथ्या प्रकरणात घडायचे ते पहिल्याच प्रकरणात उरकते. मग लेखक ‘रेंज नाही’ ही सबब पुढे करतो. मेळघाटातल्या एखाद्या पाड्यात ती एकदा खरीही वाटेल, पण दर भागात तीच दाखवली तर मुले लगेच ओळखतात. म्हणून आपल्या कथेतला फोन काढून आणि घालून दोन्ही प्रकारे तिची रूपरेषा लिहून पाहावी. फोन घालूनही कोडे टिकत असेल, तर आजचा काळ घ्यायला हरकत नाही.

आता भूतकाळ घ्यायचा म्हटला, तर कोणता? चाळीस-पन्नासच्या दशकांचे आकर्षण मोठे आहे. ऑगस्ट १९४२ मधले चिमूर आणि आष्टीचे उठाव आहेत, सेवाग्राम जवळ आहे, १९५७च्या एप्रिलपर्यंत आणे-पैसे चालत होते, आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा सारा मुलूख मध्य प्रदेशात असून राजधानी नागपूर होती. पण त्या काळासोबत एक मोठी जबाबदारीही येते. जुन्या इंग्रजी बालकथांत गावाबाहेर तळ ठोकलेले भटके लोक हे संशयाचे तयार ठिकाण असते. तो धागा जसाच्या तसा वऱ्हाडात आणला, की चोर म्हणून फासेपारध्यांचा तांडा उभा राहतो. आणि ज्या समाजांना गुन्हेगार जमाती कायद्याखाली पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे आणि ज्यांची त्यातून सुटका १९५२ साली झाली, त्यांच्यावर आपण टीव्हीवरून पुन्हा तोच शिक्का मारतो. मालिकेला हा काळ घ्यायचाच असेल, तर संशय कोणावर आणि का घेतला जातो, हेच रहस्याचा भाग करावे लागेल. तसेच वेगवेगळ्या आळ्यांतली चार मुले एका डब्यातून जेवतात आणि एका विहिरीचे पाणी पितात, हे त्या वर्षांत सहज घडले असे दाखवणे खोटे ठरेल. मुलींच्या फिरण्याचेही तेच. त्यासाठी घरातली एखादी आजी किंवा मास्तरीण बाई पाठीशी उभी असल्याचे कथेत दिसले पाहिजे. हे सारे लिहिण्याची तयारी आणि तेवढे भाग हाताशी असतील, तर हा काळ सर्वांत श्रीमंत आहे. नसतील, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत जात आणि मुलींवरची बंधने नाहीशी झाली होती असे नाही, पण चौघे एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात ही भेटण्याची खरी जागा त्या काळात मिळते. शिवाय रहस्यासाठी लागणारा व्यवहारही वऱ्हाडाने त्या काळात आयताच दिला आहे. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, खाजगी व्यापाऱ्याला विकायचा नाही. केंद्रापुढे बंड्यांची रांग रात्र-रात्र उभी राही, बैल सोडून माणसे बंडीखालीच झोपत, आणि बाहेर भाव जास्त असला की काही कापूस चोरवाटेने राज्याच्या हद्दीपलीकडे जाई. पांदणीने रात्री कंदील न लावता जाणारी बंडी मुलांनी पाहिली, चाकोरीवर सांडलेल्या बोंडांचा माग काढला, आणि शेवटी ती बंडी आपल्याच काकाची निघाली, तर गुन्हेगार पकडल्याचा आनंद आणि कर्जात बुडालेल्या माणसाची अडचण दोन्ही एकाच प्रसंगात येतात. असा पेच चाळीसच्या दशकात उसना आणावा लागेल. येथे तो त्या वर्षांच्या कायद्यातूनच निघतो.

पुरावाही त्याच मातीतला मिळतो. १९२५च्या कापूस जिनिंग-प्रेसिंग कायद्याने रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि त्या प्रेसची खूण असणे बंधनकारक केले होते. गोदामात एका गाठीवरची खूण खरडलेली आहे आणि शेजारच्या दोन गाठींवर एकच क्रमांक आहे, हे दृश्य दहा वर्षांच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय यवतमाळ–मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या अरुंद रुळांवर शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते, त्यामुळे ऐंशीच्या दशकातही वाफेची गाडी दाखवणे काळाला धरूनच होईल. अडचण एवढीच की आज त्या मार्गावर गाडी चालत नाही. स्थानकाचा भाग प्रत्यक्ष चित्रित करून धावती गाडी आवाजाने आणि धुराने सुचवणेच परवडेल.

खर्चाचा हिशेब मांडताना लोक जुन्या मोटारी आणि कपडे मोजतात, वावर, म्हणजे शेत, मोजत नाहीत. मोबाइलचे मनोरे, डिश, फ्लेक्स आणि सिमेंटचे रस्ते कॅमेऱ्याच्या कोनाने टाळता येतात. कवेलूची, म्हणजे कौलांची, घरे आणि मातीच्या भिंती आतल्या गावांत अजून सापडतात. पिके मात्र बदलली आहेत. पूर्वी खरिपात माणसाच्या डोक्यावर जाणारी ज्वारी उभी असे आणि लपाछपीचा किंवा पाठलागाचा प्रसंग त्यात सहज मावत असे. आज त्या जागी गुडघ्याएवढे सोयाबीन आहे, ज्यात कुत्रेही लपणार नाही. पऱ्हाटीही, म्हणजे कापसाची झाडेही, २००२ नंतरच्या बीटी वाणांची. म्हणजे जुना काळ उभा करायचा तर निदान दोन एकर उंच ज्वारी कोणाकडून तरी मुद्दाम पेरून घ्यावी लागते.

आजचा काळ निवडण्याची बाजूही लंगडी नाही. गावातल्याच मुलांना त्यांच्याच कपड्यांत उभे करता येते, बालकलाकारांच्या घडवणुकीला जास्त वेळ मिळतो, आणि पीक विम्याच्या नावाने फसवणूक किंवा आजोबांच्या खात्यातून गेलेले पैसे अशी कोडी मुलांच्या घरात प्रत्यक्ष घडतात. मात्र ही कथा नव्याने लिहावी. जुन्या पुस्तकाचे नाव देऊन आतून सगळे बदलणे वाचकांनाही पटत नाही. हक्कांचाही विचार येथेच करावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतात: ब्लायटन १९६८ साली वारल्या, म्हणून त्यांच्या पुस्तकांवरचे येथले हक्क २०२८ अखेरपर्यंत आहेत, भागवत २००१ साली गेले, म्हणून फेणेसाठी २०६१ अखेरपर्यंत परवानगी घ्यावीच लागेल.

भाषेबाबत मात्र तिन्ही पर्यायांना एकच नियम लावावा. अमरावती-यवतमाळकडची मुले वऱ्हाडी बोलतील, भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली. मास्तर वर्गात प्रमाण मराठी बोलतील आणि मुले मैदानात आली की पुन्हा आपल्या बोलीवर जातील. विनोदी पात्रालाच बोली देण्याची दूरचित्रवाणीवरची जुनी खोड येथे पूर्ण सोडली पाहिजे, कारण या मालिकेत सर्वांत हुशार मुलगीच वऱ्हाडीत विचार करणार आहे.

माझा कौल सत्तर-ऐंशीच्या दशकांना आहे. तो मान्य असेल तर कापसाची वेचणी आणि खरेदी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रंगात असते, म्हणून मुख्य चित्रण त्या दिवसांत धरावे. ज्वारीतले पाठलाग दिवाळीच्या आधी, कणीस कापणीला येण्यापूर्वी उरकावेत, आणि ज्यांच्या वावरात ती पेरायची त्या शेतकऱ्याशी करार मृगाच्या आधी करून टाकावा.